सेनेगलचं २०२४ : ढकललेली निवडणूक आणि न ढकलता आलेली २ एप्रिल

पश्चिम आफ्रिकेच्या बातम्या आपल्याकडे पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात, आणि गेली काही वर्षं त्या चार ओळी जवळजवळ सारख्याच असतात. मालीत लष्कराने २०२० आणि २०२१मध्ये सत्ता घेतली. २०२१मध्ये गिनीत तेच झालं. बुर्किना फासोत २०२२ या एकाच वर्षात दोनदा झालं. २०२३च्या जुलैत नायजरच्या राष्ट्राध्यक्षांना त्यांच्याच अंगरक्षक दलाने कोंडून ठेवलं. एवढं वाचल्यावर 'तिकडे असंच चालायचं' असं वाटू लागतं.

त्याच पट्ट्यातल्या सेनेगलमध्ये २०२४ साली वेगळंच घडलं. राष्ट्राध्यक्षांनी ऐन वेळी निवडणूक रद्द केली, घटनेचा अर्थ लावणाऱ्या सात जणांनी त्यांचा निर्णय मोडीत काढला, आणि मतदानाच्या दहा दिवस आधी तुरुंगातून सुटलेला ४४ वर्षांचा माणूस पहिल्याच फेरीत निवडून आला. लष्कर बराकीतून बाहेर पडलं नाही. नावं अनोळखी आणि तारखा भराभर बदलणाऱ्या असल्यामुळे ही गोष्ट गुंतागुंतीची वाटते. म्हणून ती पहिल्यापासून सांगतो.

## आधी देशाची ओळख

सेनेगल आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या काठावर आहे. राजधानी डकार, लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख. पूर्वीची फ्रेंच वसाहत, त्यामुळे कारभाराची भाषा फ्रेंच; घरात, बाजारात आणि रेडिओवर मात्र प्रामुख्याने वोलोफ. ९५ टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम, आणि तरीही १९६०च्या स्वातंत्र्यानंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेदार सेंघोर कॅथलिक ख्रिस्ती होते. पेशाने राजकारणी आणि वृत्तीने कवी असलेला हा माणूस वीस वर्षं राज्य करून १९८०च्या अखेरीस स्वतःहून पायउतार झाला. त्यांच्यानंतर अब्दू दियूफ, अब्दुलाय वाड आणि मॅकी साल. दियूफ २००० साली निवडणूक हरले आणि घरी गेले, वाड २०१२ साली हरले आणि घरी गेले. या देशात लष्करी उठाव एकदाही यशस्वी झालेला नाही.

आपला आणि सेनेगलचा संबंध अगदीच नाही असं नाही. डीएपी खतासाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल भारत ज्या देशांतून आणतो, त्यांत सेनेगल आहे.

## भांडण सुरू झालं ते तिसऱ्या टर्मवरून

मॅकी साल २०१२मध्ये निवडून आले तेव्हा राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांची होती. २०१६मध्ये त्यांनीच सार्वमत घेऊन ती पाच वर्षांवर आणली आणि लागोपाठ दोनच वेळा पद मिळेल असं घटनेत पक्कं केलं. २०१९मध्ये ते पुन्हा जिंकले. हिशेब सरळ होता : २ एप्रिल २०२४ला खुर्ची सोडायची.

त्यांच्या समर्थकांनी मात्र नवा हिशेब मांडला. पहिली टर्म जुन्या नियमातली, म्हणून ती धरायचीच नाही, असं ते म्हणू लागले. साल बराच काळ ना हो म्हणाले ना नाही, आणि त्या मौनाने देश तापत गेला. अखेर ३ जुलै २०२३ला त्यांनी आपण उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. तोवर रस्त्यावर बरीच माणसं मेली होती.

## सोंको कोण, आणि त्यांच्या जागी फाये कसे आले?

उस्मान सोंको हे आयकर खात्यातले निरीक्षक. २०१४मध्ये त्यांनी पास्तेफ नावाचा पक्ष काढला. सरकारच्या करव्यवहारांवर जाहीर टीका केल्यामुळे २०१६मध्ये नोकरी गेली, आणि २०१९च्या निवडणुकीत ते सुमारे १५ टक्के मतं घेऊन तिसरे आले. तेल आणि वायूचे करार, फ्रान्सचा वरचष्मा, बड्यांचा भ्रष्टाचार हे त्यांचे विषय. बेकार तरुणांना त्यांचं बोलणं थेट भिडत होतं.

२०२१मध्ये एका तरुणीने त्यांच्यावर बलात्काराची तक्रार केली. सोंकोंनी हा राजकीय कट असल्याचं म्हटलं. त्यांच्या अटकेनंतर दंगली उसळल्या. जून २०२३मध्ये न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून त्यांना मुक्त केलं, पण तरुण व्यक्तीला बिघडवल्याच्या वेगळ्या गुन्ह्यात दोन वर्षांची शिक्षा दिली. पुन्हा दंगली झाल्या. जुलैच्या शेवटी सोंको तुरुंगात गेले आणि त्यांचा पक्षच सरकारने विसर्जित केला. मार्च २०२१ ते फेब्रुवारी २०२४ या काळात निदर्शनांमध्ये किमान ६० माणसं गेली, असं मानवाधिकार संघटना सांगतात. ती बहुतेक तरुण मुलं होती. हा आकडा पुढे विसरायचा नाही, कारण त्यांचा प्रश्न शेवटी पुन्हा येणार आहे.

एका मंत्र्याच्या बदनामीच्या खटल्यातली शिक्षा जानेवारी २०२४मध्ये कायम झाली आणि सोंको निवडणुकीसाठी अपात्र ठरले. असं होणार हे पक्षाने ओळखलं होतं, म्हणून दुसऱ्या फळीतल्यांचेही अर्ज भरून ठेवले होते. त्यांतले एक बासिरू दिओमाय फाये, पक्षाचे सरचिटणीस आणि सोंकोंसारखेच आयकर निरीक्षक. न्यायव्यवस्थेवर टीका करणाऱ्या फेसबुक पोस्टबद्दल ते एप्रिल २०२३पासून तुरुंगात होते. पण खटला चालला नव्हता आणि शिक्षाही झालेली नव्हती. तिथला कायदा शिक्षा झालेल्याला अडवतो, आरोप असलेल्याला नाही. त्यामुळे त्यांचा अर्ज मंजूर झाला.

## ३ फेब्रुवारीला नेमकं काय झालं?

मतदान २५ फेब्रुवारीला होतं. प्रचार ४ तारखेला सुरू व्हायचा होता. आदल्या दिवशी साल टीव्हीवर आले आणि मतदारांना मतदानासाठी बोलावणारा स्वतःचाच आदेश त्यांनी रद्द केला.

कारण त्यांनी दिलं ते असं. सेनेगलमध्ये घटना परिषद नावाची सात सदस्यांची संस्था आहे. उमेदवारांचे अर्ज तपासणं, निकालावर शिक्कामोर्तब करणं आणि कायदा घटनेत बसतो का हे पाहणं, ही तिन्ही कामं तिचीच. या परिषदेने माजी राष्ट्राध्यक्ष वाड यांचे चिरंजीव करीम वाड यांचा अर्ज फेटाळला होता, कारण त्यांनी फ्रेंच नागरिकत्व वेळेत सोडलं नव्हतं. त्यावर त्यांच्या पक्षाने परिषदेतल्या दोघांवर लाचखोरीचा आरोप केला आणि संसदेत चौकशी समिती मंजूर करून घेतली. सत्ताधारी खासदारांनीही तिच्या बाजूने मत दिलं. मग साल म्हणाले, एवढा वाद असताना निवडणूक कशी घ्यायची?

समजा, तुमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची मुदत एप्रिलात संपते आणि निवडणूक फेब्रुवारीत आहे. ऐन तोंडावर अध्यक्ष नोटीस लावतात : निवडणूक अधिकाऱ्यावर कुणीतरी आरोप केलाय, त्यामुळे आता मतदान डिसेंबरात, आणि तोवर सह्यांचे अधिकार माझ्याकडेच राहतील.

५ फेब्रुवारीला संसदेने हेच कायद्याच्या रूपात मंजूर केलं. विरोध करणाऱ्या खासदारांना जांदार्मांनी, म्हणजे निमलष्करी पोलिसांनी, सभागृहातून उचलून बाहेर काढलं आणि मग १०५ विरुद्ध १ असं मतदान झालं. नवी तारीख १५ डिसेंबर, आणि वारसदार येईपर्यंत साल पदावर. मोबाइल इंटरनेट बंद झालं. ९ फेब्रुवारीला लोक रस्त्यावर उतरले. सेंट-लुई शहरातल्या विद्यापीठाचा एक विद्यार्थी त्या दिवशी मारला गेला, आणि पुढच्या दिवसांत आणखी काही जण.

## पण लाचेचा आरोप खरा असता तर?

हा प्रश्न रास्त आहे. परिषदेतल्या कुणी पैसे खाल्ले असतील तर चौकशी व्हायलाच हवी. पण त्यासाठी मतदान दहा महिने लांबवण्याची गरज नव्हती. चौकशी आणि मतदान बरोबरीने चालू शकले असते. आणखी एक गोष्ट खटकते. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार अमादू बा हे तेव्हाचे पंतप्रधान होते. ते विद्यमान सरकारचे, म्हणजे परिषदेच्या निर्णयाचा फायदा झाला असेल तर त्यांनाच, असा आरोपाचा रोख होता. मग सत्ताधाऱ्यांनीच चौकशीला हात का वर करावे? बा यांच्या विजयाची पक्षालाच खात्री वाटत नव्हती, असं तेव्हा डकारमध्ये उघड बोललं जात होतं. मला ते पटतं.

दहा महिन्यांनी काय बिघडलं असतं, असंही कुणी विचारेल. महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले. निवडणूक एकदा लांबली की पुन्हा लांबवायला कारण शोधावं लागत नाही, ते आपसूक मिळतं. शहराच्या बाबतीत त्याची किंमत रस्ते आणि गटारं. देशाच्या बाबतीत ती सैन्य, तिजोरी आणि तुरुंग असते.

## सात जणांनी 'नाही' म्हटलं ते कशाच्या जोरावर?

१५ फेब्रुवारीला घटना परिषदेने राष्ट्राध्यक्षांचा आदेश आणि संसदेचा कायदा दोन्ही रद्द ठरवले. हे सातही सदस्य राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेले असतात, त्यामुळे अनेकांना हा निकाल अनपेक्षित होता.

त्यांचा मुख्य आधार होता घटनेचं कलम १०३. घटना दुरुस्त करता येते, पण काही गोष्टींना दुरुस्तीतही हात लावता येत नाही, असं हे कलम सांगतं : प्रजासत्ताकाचं स्वरूप, राष्ट्राध्यक्ष निवडायची पद्धत, मुदतीचा काळ आणि लागोपाठच्या मुदतींची संख्या. आपल्याकडे केशवानंद भारती खटल्यात, १९७३ साली, सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या मूलभूत चौकटीबद्दल असाच विचार मांडला. फरक इतकाच की सेनेगलने तो घटनेत थेट लिहून ठेवला आहे. डिसेंबरपर्यंत पदावर राहणं म्हणजे मुदत वाढवणं, आणि ती वाढवता येत नाही. परिषदेने इतकाच सरळ तर्क लावला.

साल यांनी निकाल मान्य केला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पुढे त्यांनी राष्ट्रीय संवाद भरवला, तिथून २ जूनची तारीख सुचवली गेली. ६ मार्चला परिषदेने तीही फेटाळली, कारण २ एप्रिलच्या पलीकडची कोणतीही तारीख म्हणजे पुन्हा मुदतवाढच. शेवटी मतदान २४ मार्चला ठरलं.

निकाल कागदावर लागला, तो टिकला त्याला रस्त्यावरचे लोकही कारण आहेत. 'आर सुनू इलेक्शन' म्हणजे 'आपली निवडणूक वाचवा' या नावाने शिक्षक, कामगार संघटना आणि धार्मिक गट एकत्र आले होते. १७ फेब्रुवारीला डकारमध्ये हजारो लोक शांतपणे चालले.

## एकेका उमेदवाराची वेगळी चिठ्ठी

६ मार्चलाच संसदेने सर्वमाफीचा कायदा केला. २०२१पासूनच्या राजकीय निदर्शनांशी संबंधित सगळे गुन्हे त्याने पुसले. १४ मार्चच्या रात्री सोंको आणि फाये तुरुंगाबाहेर आले. प्रचाराला जेमतेम दहा दिवस, तेही रमजानचे. 'दिओमाय म्हणजेच सोंको' ही एक घोषणा सगळीकडे गेली.

सेनेगलमध्ये मतदान कसं होतं हे पाहण्यासारखं आहे. तिथे यंत्र नाही आणि सगळ्या नावांची एक मतपत्रिकाही नाही. प्रत्येक उमेदवाराची, फोटो आणि रंग असलेली, वेगळी चिठ्ठी असते. २०२४मध्ये अशा १९ चिठ्ठ्यांच्या गड्ड्या टेबलावर मांडल्या होत्या. मतदार एक लिफाफा आणि चिठ्ठ्या घेऊन पडद्याआड जातो, हवी ती चिठ्ठी लिफाफ्यात घालतो, उरलेल्या टोपलीत टाकतो, लिफाफा पारदर्शक पेटीत सोडतो आणि बोटाला शाई लावून घेतो.

मतदान संपलं की पेटी त्याच खोलीत उघडते. लिफाफे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर एकेक करून फोडले जातात. आकडे कागदावर चढतात, सह्या होतात, एक प्रत केंद्रावर लावली जाते. बाहेर रेडिओचे बातमीदार उभेच असतात, ते केंद्राकेंद्राचा निकाल थेट वाचून दाखवतात. नंतर वरच्या कार्यालयात कुणी आकडा बदलला तर तो आधीच हजारो लोकांनी ऐकलेला असतो. घोटाळ्याची जागा यामुळे फार अरुंद होते, आणि माझ्या मते सेनेगलच्या लोकशाहीचा हा सगळ्यात मजबूत खांब आहे.

२४ मार्चच्या रात्रीच चित्र स्पष्ट झालं. दुसऱ्या दिवशी, अधिकृत निकालाची वाट न पाहता, अमादू बा यांनी फोन करून फाये यांचं अभिनंदन केलं. तो फाये यांचा ४४वा वाढदिवस होता. निम्म्याहून अधिक मतं नाही मिळाली तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी, असा तिथला नियम. फाये यांना ५४.२८ टक्के मिळाली, बा यांना ३५.७९. दुसरी फेरी लागलीच नाही. २ एप्रिलला, घटनेने ठरवलेल्या दिवशी, शपथविधी झाला. संध्याकाळी सोंको पंतप्रधान झाले.

## राष्ट्राध्यक्ष नवा, संसद जुनी

आता वेगळी अडचण. संसद २०२२ची होती आणि बहुमत साल यांच्या गटाकडे. नवे कायदे अडू लागले. निवडून आल्यावर दोन वर्षांच्या आत संसद बरखास्त करता येत नाही, असा नियम. ही दोन वर्षं १२ सप्टेंबर २०२४ला पूर्ण झाली आणि फाये यांनी त्याच दिवशी ती बरखास्त केली.

१७ नोव्हेंबरच्या निवडणुकीत पास्तेफला १६५पैकी १३० जागा मिळाल्या. मतं मात्र ५५ टक्क्यांच्या आसपास होती. हे कसं? ११२ जागा जिल्ह्यांच्या आणि परदेशस्थ सेनेगलींच्या मतदारसंघांतल्या, आणि तिथे जो पुढे त्याला त्या मतदारसंघातल्या सगळ्या जागा. फक्त ५३ जागा देशभरच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. साल यांनी परदेशात राहून विरोधी आघाडीचं नेतृत्व केलं. त्यांना १६ जागा मिळाल्या. हीच पद्धत याआधी साल यांना लाभदायक ठरली होती. ती बदलावी असं नव्यांना आता वाटेल का, याबद्दल मला शंका आहे.

## तिजोरी उघडल्यावर

२६ सप्टेंबरला सोंको यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की आधीच्या सरकारने खोटे आकडे दिले होते. २०१९ ते २०२३ या वर्षांत सरासरी तूट, म्हणजे सरकारी खर्च उत्पन्नापेक्षा जितका जास्त तो फरक, देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या ५.५ टक्के सांगितली होती. प्रत्यक्षात ती १०.४ टक्के निघाली. कर्ज सरासरी ६५.९ टक्के दाखवलं, ते ७६.३ टक्के होतं. सेनेगल ज्या आठ देशांच्या चलनगटात आहे, तिथे कर्जाची मर्यादा ७० टक्के आहे हे लक्षात घेतलं की ६५.९चा अर्थ कळतो. फेब्रुवारी २०२५मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२३अखेरचं कर्ज ९९.६७ टक्के असल्याचं सांगितलं. साल यांची बाजू हे नाकारते.

सामान्य माणसाला याचं काय? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे १८० कोटी डॉलरचा मदत कार्यक्रम थांबवला. नवं कर्ज महागलं. ज्या तरुणांनी नोकऱ्यांसाठी मत दिलं, त्यांना द्यायला सरकारच्या हाती पैसा उरला नाही. जून २०२४मध्ये सांगोमारच्या समुद्रातून पहिलं तेल निघालं, पण त्याने हे भगदाड बुजत नाही. मच्छीमारांच्या लाकडी होड्यांतून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघणं त्या वर्षीही थांबलं नाही. सप्टेंबरमध्ये म्बूरजवळ अशी होडी उलटून कित्येक जण बुडाले.

## फ्रान्सशी फारकत?

प्रचारात फाये यांनी सीएफए फ्रँक, म्हणजे फ्रेंच वसाहतकाळापासून चालत आलेलं चलन, सोडण्याची भाषा केली होती. हे चलन युरोला बांधलेलं आहे : एक युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, बाजार वर जावो की खाली. निवडून आल्यावर त्यांचा सूर सावध झाला. अंगावर एवढं कर्ज असताना चलन बदलणं धोक्याचं, हे कुणालाही समजेल.

लष्करी तळांबाबत मात्र ते ठाम राहिले. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी फ्रेंच तळ बंद व्हायला हवेत असं जाहीर सांगितलं. त्याच दिवसांत थियारोयच्या हत्याकांडाला ८० वर्षं होत होती. १ डिसेंबर १९४४ला, जर्मन कैदेतून परतलेल्या आणि थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्याने डकारजवळ गोळ्या झाडल्या होत्या. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्र लिहून त्याला प्रथमच हत्याकांड म्हटलं. जुलै २०२५मध्ये शेवटचा तळ सेनेगलच्या ताब्यात आला. शेजारच्या लष्करशहांनी फ्रेंचांना हाकललं, तेच सेनेगलने बोलणी करून साधलं.

## आणि ते ६० जण?

ज्या सर्वमाफीने फाये यांची सुटका झाली, तिनेच गोळ्या झाडणाऱ्यांनाही वाचवलं. मेलेल्या मुलांच्या आईवडिलांना खटला भरायची वाट उरली नाही. कायदा बदलू, असं पास्तेफने वचन दिलं होतं. एप्रिल २०२५मध्ये नव्या संसदेने माफीचा 'अर्थ' सांगणारा कायदा केला : खून आणि छळाला माफी लागू नाही, पण लोकशाही हक्क बजावताना घडलेल्या गोष्टींना लागू आहे. विरोधकांना त्यात आपल्या माणसांना सोडून दुसऱ्यांना पकडण्याचा डाव दिसला. प्रकरण घटना परिषदेकडे गेलं. २३ एप्रिलला परिषदेने त्या कायद्याचा वादातला भाग घटनाविरोधी ठरवला. चौदा महिन्यांपूर्वी याच परिषदेच्या निकालाने फाये यांच्या निवडणुकीचा मार्ग मोकळा केला होता. दोन्ही बाजूंनी निकाल आपल्या बाजूचा असल्याचं सांगितलं. कुटुंबं न्यायाची मागणी करतच राहिली.